डावीकडचं पहिलं पान

"टीव्हीवाल्यांना अक्कलच नाही," कार्टून संपल्या संपल्या उमा आतल्या खोलीत येऊन म्हणाली. "पुस्तकात पूल आधी तुटलेला असतो आणि मग जुळतो. ह्यांनी आज धडधाकट पूल दाखवला आणि तोडला."

पद्मजा ओल्या फडक्याने श्रीपादची पाठ पुसत होती. पाठ कसली, मणके मोजून घ्यावेत अशी झाली होती. त्याने भिंतीकडे तोंड असतानाच विचारलं, बाळदादाचा हात कसा आहे. उमा म्हणाली, हात तर ह्यांनी अजून मोडलेलाच नाही, सगळा कारभारच उलटा.

"पत्र टाकू त्यांना," श्रीपाद म्हणाला.

"टाकाच." तिने त्याच्या उशालगतचं पुस्तक ओढून घेतलं आणि कुठे कुठे चुकलेत ते बघत बसली.

ते पुस्तक श्रीपादनेच आणलेलं. अंबरनाथच्या ज्या कारखान्यात तो फिटर होता, तिथे जपानी मशीन आलं आणि ते शिकायला दोघांना जपानला पाठवलं. येताना त्याने पद्मजासाठी घडीची छत्री आणली आणि उमासाठी हे तळहाताएवढं पण चांगलं जाडजूड चित्रांचं पुस्तक. तिथे पोरांसाठी अशा गोष्टी हप्त्याहप्त्याने छापून येतात, मग त्यांची पुस्तकं होतात आणि टाय लावलेले बाप्येसुद्धा ती वाचतात, असं तो सांगायचा. अक्षर घरात कोणालाच लागत नव्हतं, पण चित्रं बोलकी होती. उमा तेव्हा बालवाडीत. तिने आपलं कुठलंही पुस्तक उघडतात तसं ते डावीकडून उघडलं.

डावीकडच्या पहिल्या पानावर एक तरणा मुलगा चटईवर निजलेला होता. हनुवटीपर्यंत पांढरं कापड, उशाशी धुराची रेघ, भोवती माना खाली घालून बसलेली माणसं. पुढे पानं उलटत गेलं की तो उठायचा. त्याचा मोडलेला हात सांधायचा, धाकट्या भावाच्या डोळ्यांतलं पाणी आटायचं, दरीवरच्या तुटक्या पुलाला फळ्या परत येऊन बसायच्या. शेवटच्या पानावर दोघे भाऊ आईच्या हातचं जेवत असायचे. श्रीपादने थोरल्याचं नाव बाळदादा ठेवलं, धाकट्याचं चिंतू. मधेच कुठे काही जुळायचं नाही. आधी ठोसा लागलेला दिसायचा आणि मग मारणारा हात उगारायचा. उमाने ते पकडलंच. श्रीपाद म्हणाला होता, जपानमध्ये तशीच पद्धत आहे, आधी मार बसतो, मग भांडण सुरू होतं. उमाला ते पटलं. शाळेतही पुष्कळदा तसंच व्हायचं.

आता उमा तिसरीत होती, आणि तीच गोष्ट एका चॅनेलवर रोज संध्याकाळी लागू लागली होती, रंगीत आणि हिंदीत. पहिल्या दिवशी ती आनंदाने ओरडली. दुसऱ्या दिवसापासून तक्रारी सुरू झाल्या. चिंतूला बाईचा आवाज दिलाय. बाळदादाचा सदरा पुस्तकात काळा आणि इथे भडक लाल, लांबूनच शत्रूला दिसेल. पुस्तकात एका पानात संपणारा ठोसा इथे आज निघतो आणि उद्या पोचतो, तोवर दोघे हवेतच बोलत राहतात. आणि एक पंखवाला कुत्रा कुठून घुसवलाय, तो तर पुस्तकात औषधालाही नाही. टीव्हीवर सुरुवातीलाच भाऊ जेवताना पाहून तिने आधी कयास बांधला, की पुस्तक जिथे संपतं तिथून टीव्ही सुरू होतोय. पण मग तीच मारामारी, तोच पूल यायला लागला, तशी ती टीव्हीवर कायमची नाराज झाली. नाराज झाली तरी एक दिवस चुकवीना.

पद्मजाला तिच्या या वकिलीचं हसू यायचं. त्या घरात हसू येण्यासारखं दुसरं फारसं काही उरलं नव्हतं. परळच्या इस्पितळात मोठ्या डॉक्टरांनी तिला एकटीला आत बोलावून सांगितलं होतं, घरी न्या, मागतील ते खायला घाला. पोटातलं दुखणं सगळीकडे पसरलं होतं. ती बी.ए. झालेली बाई, रिपोर्टातले इंग्रजी शब्द तिला नीट कळले, हेच वाईट झालं. तेव्हापासून तिची नजर सगळीकडे भिरभिरत असायची. श्रीपादच्या नखांचा रंग, त्याच्या पायांवरची सूज, भेटायला आलेल्या माणसांचे ओठ, उमाचे डोळे. पोरीपुढे कोणी भलतंसलतं बोलायला लागलं, की ती मधेच चहाचं विचारायची.

उमाला तिने सांगितलं नव्हतं. सांगायचं रोज ठरवायची आणि रोज वेणी घालून होईपर्यंत ते राहून जायचं. कारण श्रीपादने अंथरूण धरलं त्या दिवशी उमाने पुस्तकाचं ते डावीकडचं पहिलं पान उघडून त्याच्यासमोर धरलं होतं. म्हणाली होती, "बघा बाबा, बाळदादा पण आधी असाच आहे." त्या दिवसापासून संध्याकाळी त्याच्या उशाशी बसून तिने गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायची, हा नेम झाला. देवापुढे दिवा लावायचं पद्मजा विसरली असेल, पण उमाने गोष्ट चुकवली नाही.

उल्हासनगरच्या त्या घरात वरच्या दोन खोल्या यांच्या, खाली घरमालक दादा हासानंद एकटेच राहायचे. फाळणीत लहानपणी सिंधमधून आलेले, आता डोळ्यांना जाड भिंग, दिवसभर सिंधी पेपर. उमा शाळेत जाताना त्यांच्याशी दोन शब्द बोलायची आणि त्या नादात एकदा पुस्तक त्यांच्या खाटेवरच विसरली. दुपारी पद्मजा ते आणायला खाली गेली, तर दादा तेच चाळत बसले होते.

"बेटी," ते म्हणाले, "बच्ची को इतनी दुखी कहानी क्यों पढ़ाते हो?"

पद्मजाने सांगितलं, दुखी कुठे, इसमें तो भाई आखिर में अच्छा हो जाता है.

"अच्छा किधर होता है? मर जाता है बेचारा." आणि त्यांनी पुस्तक तिच्यापुढे धरून उघडलं, ते उजवीकडून. ती बघतच राहिली, तसा त्यांनी शेजारचा आपला पेपरही त्याच बाजूने उघडून दाखवला. "हमारा भी इधर से ही चलता है," ते सहज म्हणाले, आणि चहा घेणार का विचारलं.

चहा राहिला. ती जिन्यातच बसली आणि तिने पुस्तक उजवीकडून पाहिलं. आई जेवायला वाढत होती. भाऊ हसत होते. आधी हात उगारला जात होता आणि मग ठोसा बसत होता. पूल तुटत होता, हात मोडत होता, धाकट्यावर आलेला वार थोरला अंगावर घेत होता. कुठे म्हणून काही अडत नव्हतं, जपानच्या कुठल्या पद्धतीचा आधार घ्यावा लागत नव्हता. सगळं सरळ चालत चालत पांढऱ्या कापडापाशी येऊन थांबत होतं.

ती वर आली. श्रीपाद जागाच होता. तिने हातातलं पुस्तक कसं धरलंय ते त्याने पाहिलं आणि त्याला कळलं.

"तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"तिथे गाडीत, कँटीनमध्ये, सगळी माणसं उजवीकडूनच वाचताना बघितली की मी."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगणार होतो. तिने त्या बाजूने उघडलं, आणि मी तोंड उघडणार तोच विचारलंन, हा झोपलेला उठणार का?" तो दम खायला थांबला. "तेव्हा मला कुठे काय झालं होतं, पद्मा? आणि उठतच होता ना तो. पानं उलटली की उठत होता."

तिला त्याच्यावर रागवायचं होतं. पण एवढ्या बोलण्यानेच त्याच्या कपाळावर घाम आला होता, तो तिने टिपला. मग हळू आवाजात तिने सांगितलं, की टीव्ही बरोबर बाजूने चाललाय आणि थोड्या दिवसांत शेवटाला पोचेल. त्याआधी पोरीला आपणच सांगायला हवं, तुमचंही आणि पुस्तकाचंही.

"तू सांगशील?" त्याने विचारलं.

तिने फडकं धुऊन दोरीवर वाळत टाकलं.

त्यानंतर पद्मजा रोज उमाच्या मागे उभी राहून ते कार्टून बघू लागली. उमाला ज्याचा वैताग यायचा, त्याचे ती मनोमन आभार मानू लागली. ठोसा दोन दोन दिवस हवेत राहिला, की तिला बरं वाटायचं. पंखवाला कुत्रा हरवला आणि सगळे त्याला शोधायला निघाले, गोष्ट तिळभर पुढे सरकली नाही, तेव्हा उमा चिडून पाय आपटत होती आणि पद्मजाला वाटत होतं, हा कुत्रा यांना जन्मभर न सापडो. पुस्तकाला अशी सवलत नव्हती. पुस्तक आपलं आहे तेवढ्याच पानांत सगळं उरकून मोकळं होत होतं.

पण कुत्रा सापडला. बाळदादाचा हात मोडला. चिंतूवर तलवार उगारली गेली आणि बाळदादा मधे धावला, तिथेच चित्र थांबवून त्यांनी उद्यावर ढकललं. उमाच्या कपाळावर आठी आली. तक्रार मात्र तिने केली नाही, आणि पद्मजाला त्याचीच धास्ती वाटली.

दुसऱ्या दिवशी उमा शाळेतून यायच्या आत तिने टीव्हीच्या मागची केबलची पिन उपसली आणि वायर कपाटामागे सारून दिली. उमाला सांगितलं, सकाळपासून केबल गेलीय, सगळीकडेच गेलीय. उमाने बरं म्हटलं, दूध प्यायली आणि चपला घालून खाली गेली.

पद्मजाने तिला हाक मारायला तोंड उघडलं, तोच आतून श्रीपादच्या उमाशांचा आवाज आला. तिने धावत जाऊन भांडं धरलं. त्याच्या पोटात काही नव्हतं, तरी पिळवटून पिळवटून बाहेर येत होतं. एका हाताने ती त्याचं कपाळ धरून होती, आणि फरशीखालून, दादांच्या टीव्हीवरून, त्या कार्टूनचं सुरुवातीचं संगीत ऐकू येत होतं. त्याला ते ऐकू आलं. त्याने मान हलवून तिला जा म्हणून खुणावलं. पण मान हलवली तसा त्याला पुन्हा उमासा आला, आणि तिला सोडून जाता येईना.

त्याचं तोंड पुसून, त्याला कुशीवर करून ती खाली पोचली तेव्हा उशीर झाला होता. दादा खुर्चीतच पेंगले होते. भिंग छातीवर पडलेलं. पडद्यावर तीच चटई होती, तेच पांढरं कापड, तीच धुराची रेघ, फक्त इथे धूर हलत होता. माना खाली घातलेली तीच माणसं, एकही इकडची तिकडे नाही. बदललं काहीच नव्हतं. उमा फरशीवर मांडी घालून पाहत होती. नावं सरकायला लागली, तरी ती पाहत राहिली.

पद्मजा तिच्यामागे उभी राहिली.

"आई," उमाने मागे न बघता विचारलं, "आपल्याकडे केबल आली का?"

"नाही."

"येऊ देऊ नकोस." उमा उठली. फ्रॉकवरची धूळ तिने झटकली. "म्हणजे बाबांना कळणार नाही."

पद्मजाने तिचा खांदा धरला. तो खांदा मुलांच्या खांद्यासारखा मऊ नव्हता, आवळून धरलेला होता. तिने तो तसाच सुटू दिला. उमा तिच्यापुढे जिना चढून गेली.

श्रीपाद जागा होता. पोरीचं तोंड त्याने एकदाच नीट पाहिलं आणि मग रोजच्यासारखं विचारलं, काय दाखवलं आज. उमा म्हणाली, आज टीव्हीवाल्यांना जरा अक्कल आली. बाळदादा उठला, आणि आता पूल पण नीट करणार आहेत.

"बघ, मी म्हटलं नव्हतं," तो म्हणाला. "मग आता आपलं वाच."

तिने पुस्तक हातात घेतलं. तिचा अंगठा उजवीकडच्या पुठ्ठ्याखाली गेला, तिथे थांबला. पद्मजा दारातून पाहत होती. मग उमाने पुस्तक फिरवलं आणि डावीकडून उघडलं.

ती सांगू लागली. बाळदादा निजलाय, सगळे वाट बघतायत. आवाज रोजच्यापेक्षा थोडा मोठा होता. श्रीपाद मधे मधे हं म्हणत होता. पान उलटायच्या आधी त्याने पद्मजाकडे पाहिलं आणि बोटांनी खूण केली. तिला आधी कळेना. मग कळलं. ती गेली, त्याच्या पाठीमागे हात घालून तिने त्याला वर उचललं. दोन्ही उश्या पाठीशी दिल्या, तरी तो टेकायला तयार नव्हता. किती दिवसांत बसला नव्हता तो. दोन्ही हात गादीवर रोवून, मान ताठ धरून तो आपल्या मुलीपुढे बसला.

"उठला," उमा म्हणाली.

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, पुस्तकातच पाहत राहिली. पण त्याच्या हातांच्या थरथरीने खाटेची पट्टी वाजत होती, ती तिला ऐकू येत असावी. तिने बाळदादाचा हात बरा केला, आणि पुढे दोन पानं एकदम उलटली. पूल जुळला, एवढंच सांगून आणखी चार. रोज जिथे ती आणि तो वाद घालत थांबायचे, तिथली सगळी मारामारी तिने चिमटीत धरून सोडून दिली आणि थेट शेवटच्या पानावर आली.

"जेवायला बसले. संपलं," ती म्हणाली. "आता झोपा बाबा."