सासू, जावई आणि रफार

शाळेतून निवृत्त झाल्यावर बाईंनी चर्चमागच्या खोलीत मोठ्यांचा वाचनवर्ग सुरू केला. वेळ संध्याकाळी पाच ते सहा. विद्यार्थी सहा, आणि त्यातले दोघं एकाच घरातले: एक गवंडी आणि त्याची सत्तरीची सासू. डोळे मिटायच्या आत एकदा तरी रविवारच्या उपासनेत बायबलमधला शास्त्रपाठ वाचायचा, एवढीच सासूची इच्छा. गवंडी आला होता तो तिला फक्त सोडायला, पण "सासू शिकणार आणि मी दारात बसून काय करू?" म्हणून तोही पाटी घेऊन बसला.

आठ महिने झाले. काना, मात्रा, वेलांटी जमली, पण जोडाक्षरांपाशी गाडी अडली ती अडलीच. फळ्यावर 'सूर्य' लिहिलं की गवंडी ठणकावून वाचायचा, "सूयर!" सासू ओठ मिटून वर बघत राहायची, जणू उत्तर आढ्यालाच चिकटवलंय.

"रफार डोक्यावर असला तरी आधी वाचायचा," बाई शंभराव्यांदा म्हणाल्या.

"बाई, तीस वर्षं भिंती बांधतोय," गवंडी म्हणाला. "छप्पर आधी आलेलं कधी पाहिलं नाही."

सगळे हसले. बाईही हसल्या. पण घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधीच नवऱ्याला म्हणाल्या, "पालथ्या घड्यावर पाणी! आणि घडा त्यांचा नाही हो, माझाच पालथा असणार. मला शिकवताच येत नाही."

नवरा मटार सोलत होता. "देवाला सांगितलंस?"

"रोज सांगते. एकेकाचं नाव घेऊन."

"मग त्यालाही थोडं काम करू दे की! सगळं तूच ओढलंस तर त्यानं काय करायचं?"

बाईंना राग आला, कारण बोलणं खरं होतं. त्या दिवशी प्रार्थनेत त्यांनी वर्गाचं यश मागितलं नाही. "उद्या परत जायला बळ दे," एवढंच म्हणाल्या.

मागितलं बळ आणि आला ताप! चांगले बारा दिवस अंथरुणाला खिळल्या. बऱ्या होऊन निघाल्या त्या मनाशी धरूनच, की खोलीला कुलूप असणार.

कुलूप नव्हतं. उलट आतून भांडण ऐकू येत होतं.

सासू खडू घेऊन फळ्याशी उभी होती. "जावईबापू, र आधी! बाईंनी सांगितलंय ना?"

"आई, एका शब्दात चालेल. सगळीकडे कसं चालेल?"

"सगळीकडेच! हे वाचा."

गवंड्यानं कपाळावरचा घाम पुसला. "पू... पूर... पूर्व!" मग स्वतःच दचकला. "अरे! आलं की!"

"आता हे." सासूनं 'चक्र' लिहिलं.

"चर्क!" गवंडी छाती काढून म्हणाला, आणि सगळा वर्ग खो खो हसला.

दारातल्या बाईंना मात्र आनंदानं काय करू नि काय नको असं झालं. आठ महिने हा माणूस तीच ती चूक करत होता. ही चूक नवी होती! नियम कळल्याशिवाय ती करताच आली नसती.

"तुम्हाला वर्ग चालवायला कुणी सांगितलं?" त्यांनी आत येत विचारलं.

"तुम्ही नव्हता, मग विचारणार कुणाला?" सासू म्हणाली. "भांडलो आणि शिकलो."

दोन महिन्यांनी एका रविवारी सासू शास्त्रपाठ वाचायला उभी राहिली. सहा ओळींना दहा मिनिटं लागली. एका शब्दावर ती थांबली, तेव्हा तिसऱ्या बाकावरून गवंड्यानं मदत म्हणून मोठ्यानं भलताच शब्द सांगितला. सासूनं चष्म्यावरून पाहिलं. "जावईबापू, पाळी माझी आहे." उपासना चालवणाऱ्या पाळकांनाही हसू आवरेना. मग तिनं तो शब्द स्वतः लावला, नीट, आणि शेवटच्या ओळीला आवाज चढवला. मागच्या रांगेत बाई एकाच वेळी हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

उपासना संपताच गवंडी लोकांमधून वाट काढत त्यांच्याकडे आला.

"बाई, पुढच्या वेळी वाचायला मला उभं करा. आईंनी सहा ओळी वाचल्या ना? मला सात द्या."