पाटावरच्या दोन डिस्क

अंबरनाथच्या एमआयडीसीत महिपती साहेबांचा साच्यांचा कारखाना होता. बाटल्यांची झाकणं, डबे, बादल्यांच्या कड्या, असल्या प्लास्टिकच्या वस्तूंचे लोखंडी साचे तिथं बनत, आणि प्रत्येक साच्याचं ड्रॉइंग कॉम्प्युटरवर असे. साचा मोडला तर पुन्हा करता येतो; ड्रॉइंग गेलं की गिऱ्हाईकही गेलं. ती ड्रॉइंग्ज सांभाळायचं काम शलाकाचं.

एकदा कॉम्प्युटर दिवसभर बंद पडला आणि सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं, तेव्हा कुठे साहेबांना जाग आली. एक प्रत कंपनीबाहेर ठेवायची ठरली. शलाकानं क्लाउडचा, टेपचा आणि हार्ड डिस्कचा खर्च काढून आणला आणि क्लाउड घ्या म्हणाली. प्रत रोज आपोआप जाते, माणसाचा हात लागत नाही. तिला तेच हवं होतं, कारण ती या माणसांना ओळखून होती.

"कुणाच्या तरी माळ्यावर आपली भांडी ठेवायची? नको," साहेब म्हणाले. "आणि टेप म्हणजे कॅसेटच ना? तो जमाना गेला." हार्ड डिस्क मात्र त्यांनी तळहातावर तोलून पाहिली. "वस्तू कशी हातात पाहिजे. हिला हळदकुंकू तरी लावता येतं."

झालं! हळदकुंकू लावता येतं म्हणून हार्ड डिस्क पास झाली. अशा माणसापुढे कुणी काय बोलावं?

दोन डिस्क आल्या. एक ऑफिसात आणि दुसरी बदलापूरला, शलाकाच्या कपाटात, लग्नातल्या शालूखाली. दर शनिवारी ती घरची डिस्क आणायची, नवी ड्रॉइंग्ज भरायची आणि संध्याकाळी परत न्यायची. दोन्ही डिस्क रात्री एका छपराखाली राहू द्यायच्या नाहीत, हा तिचा नेम. "जबाबदारी तुझी हं," असं साहेबांनी सगळ्यांदेखत बजावलं होतं.

खंडेनवमीला सकाळी मॅनेजर कैलासचा फोन आला. "मॅडम, घरची डिस्क घेऊन या. सगळी हत्यारं पूजेला पाहिजेत. साहेब बोलले, एक डिस्क बसली न एक नाय, असं चालत नाय."

"अहो, ती बाहेर राहावी म्हणूनच तर घेतली ना?"

"ते तुम्ही साहेबांना बोला. मला कशाला लफड्यात टाकता?"

शलाका डिस्क घेऊन गेली. लेथला, ड्रिलला झेंडूचे हार घातले होते. ऑफिसात पाटावर दोन्ही डिस्क शेजारी शेजारी बसल्या, कुंकू लावून. वर लाइटच्या माळा चमकत होत्या. संध्याकाळी निघताना तिनं पाटाकडे हात नेला.

"अगं, मांडलेली पूजा हलवतात का?" साहेब ओरडले. "उद्या दसऱ्याला उत्तरपूजा झाली की ने."

शलाका आपला नेम सांगायला तोंड उघडणार होती. पण माहेरी तिच्या वडिलांची करवतही खंडेनवमीला पाटावर बसली की दसऱ्याआधी कुणी उचलत नसे. लहानपणापासून अंगात मुरलेलं ते. हात आपोआप मागे आला.

दसऱ्याला सकाळी ती पोचली, तेव्हा ऑफिसच्या खिडक्या काळ्या पडल्या होत्या. रात्री लाइटच्या माळेनं पेट घेतला होता. लोखंडाला काही झालं नव्हतं. कॉम्प्युटर जळाला होता, पाट जळाला होता, आणि दोन्ही डिस्क वितळून एकमेकींना चिकटल्या होत्या.

"घरची डिस्क इथं आलीच कशी?" साहेबांनी विचारलं.

शलाकानं कैलासकडे पाहिलं. कैलास स्वतःच्या बुटांकडे पाहत होता.

"साहेब, तुम्हीच पूजेला..."

"पूजा मी सांगितली. जबाबदारी कुणाची होती? उद्यापासून येऊ नकोस. क्लाउडवाल्याला बोलावलंय मी."

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वरातीमागून हे असलं घोडं! तिच्या डोळ्यांत संतापानं पाणी आलं. ती तशीच वळली.

"थांब," साहेब मागून म्हणाले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता. त्यांनी खिशातून आपट्याची पानं काढली आणि तिच्यापुढे धरली. "सणाचं असं रिकाम्या हातानं जाऊ नये. सोनं घे. सोन्यासारखी राहा."

ती पानं त्यांच्या तोंडावर फेकावीत असं शलाकाला मनापासून वाटलं. पण दसऱ्याचं सोनं नाकारायचं नसतं, हेही तिला लहानपणीच शिकवलं होतं. तिनं हात पुढे केला, सोनं घेतलं आणि खाली वाकून साहेबांच्या पाया पडली.