मी खोकलो की हात वर

अक्काने पालेभाजीच्या जुड्या ओल्या पोत्यावर मांडल्या, त्यांच्यावर बाटलीतल्या पाण्याचा हबका मारला आणि त्याच बाटलीतला एक घोट तोंडात घेऊन खळखळून चूळ भरली. घोट गिळला नाही, गटारात थुंकून टाकला. शेजारच्या लिंबूवालीनेही तेच केलं. उरलेलं पाणी भाजीसाठी बाजूला राहिलं.

त्या बाजारात दिवसभर पाणी मिळायचं ते भाजीला, भाजीवालीला नाही. याचं कारण इतकं साधं होतं की ते कुणी बोलून दाखवत नसे. पुरुषांना बाजारामागची लांबच लांब भिंत होती. बायकांना काहीच नव्हतं. उजाडायच्या आत घर सोडलेली बाई दिवे लागल्यावर घरी पोहोचायची. मधल्या वेळात आडोशाला जावं म्हटलं, तर दुकान कुणाच्या भरवशावर सोडायचं आणि आडोसा तरी कुठला? म्हणून सासूने सुनेला आणि आईने लेकीला एक रीत घालून दिली होती : बाजारात बसायचं तर तहान घरी ठेवून यायचं. ही रीत इतकी मुरली होती की तिला कुणी त्रास म्हणत नसे, वळण म्हणत.

अक्काची धाकटी बहीण बाजारामागे दोन गल्ल्या सोडून राहायची. पुढच्या खोलीत शिवणयंत्र, आत संसार. सगळे तिला शिवणताई म्हणत. तिचा नवरा वायरमन. खांबांवर चढून पक्षाचे झेंडे बांधायला त्याच्यासारखा माणूस नव्हता, म्हणून पक्षात त्याचं वजन होतं आणि वॉर्डात तो ‘भाऊ’ होता. झेंडे शिवायची शिवणताई, चढवायचे भाऊ. पक्ष नवा होता, आपल्याच भागाचा, आपल्याच भाषेचा. मोठ्या पक्षांनी आपल्याला कायम दारात उभं केलं, असं पक्षाचे प्रमुख सांगत आणि लोकांना ते पटत असे, कारण ते खरंच होतं.

नगरपालिकेची निवडणूक आली आणि वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला. भाऊ दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता म्हणाले, “तिकीट तुझ्या नावावर घेऊ.”

“मला काय कळतं त्यातलं?”

“तुला कशाला कळायला हवं? स्कूटर तुझ्या नावावर आहे, चालवतो कोण?”

शिवणताई हसली. तिला राग आला नाही. रीत तीच होती. इतर राखीव वॉर्डांतही असंच चाललं होतं.

प्रचाराला पक्षप्रमुख स्वतः बाजारात आले. अक्काच्या दुकानापुढे पालथ्या खोक्यावर उभे राहून म्हणाले, “आमची सत्ता आली की पहिलं काम एकच. बाजारातल्या माझ्या आयाबहिणींसाठी स्वच्छतागृह. त्या कोपऱ्यातल्या मोकळ्या जागेवर.” आणि त्यांनी मोडक्या हातगाड्या पडलेल्या जागेकडे बोट केलं.

अक्का खालून म्हणाली, “म्हणजे मुतारीच ना साहेब? नंतर घोळ नको.”

बाजार हसला. प्रमुखही हसले. “तीच, अक्का. शब्द देतो.”

त्या दिवसापासून अक्काने दुकानादुकानाशी जाऊन बहिणीसाठी मतं मागितली. “नवऱ्याला विचारत बसू नका. नवऱ्याला भिंत आहे. तुम्ही तुमचं बघा.” बायका तोंडाला पदर लावून हसत, पण मान डोलावत. ज्या बाया कधी मतदानाला गेल्या नव्हत्या त्या रांगेत उभ्या राहिल्या.

पक्षाला नगरपालिकेत पहिल्यांदाच बहुमत मिळालं, तेही एका जागेने. ती जागा शिवणताईची आहे, असं अक्का सगळ्यांना सांगत सुटली. भर बाजारात तिने पेलाभर पाणी मागून घेतलं आणि उभ्या उभ्या घटाघटा प्यायली.

लिंबूवाली म्हणाली, “अगं, अजून बांधली नाही.”

“बांधतील. बहीण माझी आहे.”

मग थोड्या वेळाने तिला बहिणीच्या घराकडे पळत जावं लागलं, तेव्हा सगळा बाजार खो खो हसत होता. अक्का सगळ्यांत जास्त.

पहिल्या सभेच्या सकाळी भाऊंनी इस्त्रीचा शर्ट घातला. आरशात बघत बायकोला समजावून सांगितलं, “घाबरायचं नाही. सदस्यांच्या घरच्यांना मागे बसता येतं. मी तुझ्या बरोब्बर मागे असेन. मी खोकलो की हात वर. नाही खोकलो तर हात मांडीवर. झालं.”

“आणि कशासाठी वर केला ते?”

“ते मला माहीत असतं ना.”

सभागृहात लांब टेबल होतं, टेबलावर पाण्याचे जग होते. भिंतीला लागून खुर्च्यांची एक रांग होती आणि तिच्यात नवरे बसले होते, एखादा दीर, एखादा सासरा. शिवणताईने आधी बायकांची मोरी कुठे आहे ते विचारलं. शिपाई ओशाळून म्हणाला, “आहे ताई, पण तिच्यात जुने फलक भरलेत. पुरुषांची बाहेर वऱ्हांड्यात आहे.” तेव्हा टेबलावरच्या पाण्याला तिनेही हात लावला नाही. बहिणीसारखीच बसून राहिली, आणि आपण बहिणीसारख्या बसलो आहोत हे तिच्या ध्यानात आलं नाही.

लेखनिक भराभर विषय वाचत होता. शब्द जड होते आणि आवाज पंख्याच्या घरघरीत विरत होता. कुठेतरी ‘बाजारालगतची जागा’ एवढं तिला ऐकू आलं. तिचा चेहरा उजळला. मागून खोकला आला. तिने हात वर केला, आणि इतरांपेक्षा जरा उंच केला.

आठवड्याने कोपऱ्यातल्या हातगाड्या हलवल्या गेल्या. दोन माणसं फीत घेऊन जागा मोजू लागली. अक्काने त्यांना चहा पाजला. “दारं आतून कडीची करा रे बाबांनो,” ती म्हणाली, “आणि एक दिवा लावा.” माणसं एकमेकांकडे बघत राहिली. दुपारी फलक उभा राहिला. फुलवाल्याने तो मोठ्याने वाचला : पक्षाचे मध्यवर्ती संपर्क कार्यालय, नियोजित जागा. खाली प्रमुखांचा फोटो, आणि त्याहून लहान फोटो भाऊंचा. शिवणताईचा नव्हता.

अक्का दुकान लिंबूवालीवर सोपवून बहिणीच्या घरी आली. दारातच उभी राहिली.

“आत ये ना.”

“तू हात वर केलास का?”

शिवणताईने यंत्र थांबवलं. “कशाला?”

“त्या जागेला. कचेरीला. फुलवाला म्हणतो, सगळ्यांनी हात वर केले तेव्हाच झालं.”

शिवणताईच्या हातातलं कापड घसरलं. “अक्का, मला वाटलं ते तुमच्यासाठीच आहे.”

“कुणी सांगितलं तसं?”

“कुणीच नाही.” ती हळूच म्हणाली, “हे खोकले.”

अक्काने तिच्याकडे बघितलं. लहानपणी हिला कडेवर घेऊन फिरवलेलं, हिच्या तापात रात्री जागवलेल्या. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, “मी एकेका बाईच्या हातापाया पडले गं. मी म्हटलं, बहीण माझी आहे. मला काय माहीत, ती खोकल्याची आहे.”

ती वळली आणि गेली. त्यानंतर अक्का त्या घरी आली नाही, अगदी नड असली तरी.

संध्याकाळी शिवणताईने नवऱ्यापुढे ताट ठेवलं आणि समोर बसली. “शब्द दिला होता तुम्ही.”

“प्रमुखांनी दिला होता,” भाऊ जेवत म्हणाले. “आणि मोडला कुठे? पुढे ढकललाय. आधी कचेरी, मग गावाच्या तोंडाशी कमान, मग रस्त्यांच्या पाट्या आपल्या भाषेत. पक्ष वाढला तर कामं होतील ना? अगं, मुतारीचं उद्घाटन कोण करतं? प्रमुखांचा फोटो मुतारीवर लावायचा का?”

“आपली माणसं, आपला कारभार, असं मीच शिवलं होतं झेंड्यांवर.”

“मग?”

“त्या बायका आपल्या नाहीत का?”

भाऊंनी ताट सरकवलं. “एवढं डोकं चालवायचं होतं तर आधीच सांगायचं. तिकीट दुसऱ्या कुणाच्या बायकोला दिलं असतं.”

त्या घरात ती इतकी वर्षं राहिली होती, पण आपण भाड्याने बसवलेल्या आहोत असं तिला त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाटलं.

उन्हाळा वाढला तसं अक्काच्या अंगात ताप राहू लागला. कंबरेत कळा येत. एक दिवस भाजीच्या जुड्यांवरच ती आडवी झाली. लिंबूवालीने आणि फुलवाल्याने तिला हातगाडीवर घालून दवाखान्यात नेलं. शिवणताई धावत पोहोचली तेव्हा डॉक्टरीणबाई विचारत होत्या, “पाणी किती पिता?”

“पिते की. बाजाराच्या दिवशी नाही पीत.”

“बाजार कधी असतो?”

“रोज,” अक्का म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी शिवणताईला बाहेर बोलावलं. एक मूत्रपिंड पार निकामी झालं होतं, दुसरं धडपणे चालत नव्हतं. “ही दुखणी एका दिवसात येत नाहीत. बाजारातल्या तीन बायका आत्ता माझ्याकडे आहेत. नगरपालिकेत कुणी बाई नाही का हो तुमच्याकडे?”



अक्काच्या दुकानावर आता तिची लेक बसू लागली, सतरा वर्षांची. शिवणताई तिला डबा द्यायला गेली तेव्हा पोरीने जुड्यांवर पाण्याचा हबका मारला, एक घोट तोंडात घेतला, चूळ भरली आणि गटारात थुंकली. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. मुलांना आपण जे सांगतो ते त्यांच्या लक्षात राहीलच असं नाही. जे आपण करतो ते मात्र ती आपोआप उचलतात.

हे शिवणताईला घरी परतल्यावर पुन्हा एकदा दिसायचं होतं. तिची नऊ वर्षांची मुलगी शेजारच्या पोरांना घेऊन पायरीवर खेळत होती. चपलांची रांग म्हणजे सभागृह. एक पोरगा नाकावर चष्मा ओढून काहीतरी पुटपुटत वाचत होता. मुलगी पाय जुळवून, मान खाली घालून बसली होती. तिच्यामागे दुसरा पोरगा छाती काढून बसला होता.

“आता तू खोक ना,” मुलगी कुजबुजली.

पोरगा खोकला. मुलीचा हात झटकन वर गेला.

“काय करताय गं?” शिवणताईने विचारलं.

“सभा सभा. मी तू झालेय.”

“आणि हात कशासाठी वर केलास?”

मुलीने आईकडे आश्चर्याने पाहिलं. “ते याला माहीत असतं,” ती म्हणाली. “मला नसतं.”

शिवणताई पायरीवर बसली. मुलीचा वर केलेला हात तिने धरला आणि खाली घेतला. “हात तुझा आहे,” ती म्हणाली. “विचारल्याशिवाय वर करायचा नाही. कुणी कितीही खोकलं तरी.”

“मग खेळ कसा होणार?”

“नाही झाला तर नाही झाला.”

पुढच्या सभेत कचेरीच्या बांधकामाचा ठराव होता. भाऊंनी जाताना पुन्हा आठवण करून दिली. ती सभागृहात आपल्या जागी जाऊन बसली. लेखनिकाने भराभर वाचायला सुरुवात केली तेव्हा शिवणताई म्हणाली, “हळू वाचा. मला कळायला हवं.” लेखनिक गोंधळला, पण त्याने हळू वाचलं. त्यानंतर सगळ्यांनाच ऐकू आलं : बाजारालगतची जागा, स्वच्छतागृहाऐवजी, कार्यालयासाठी.

अध्यक्ष म्हणाले, “मंजूर असेल त्यांनी हात वर करा.”

हात वर गेले. मागून भाऊ खोकले. शिवणताईचे हात मांडीवर होते.

भाऊ पुन्हा खोकले, जरा मोठ्याने. मग तिसऱ्यांदा, असे की दोघांनी वळून पाहिलं. अध्यक्षांनी चष्म्यावरून बघितलं. “ताई, आपला हात?”

ती उभी राहिली. तिने टेबलाची कड धरली. “मागच्या वेळी वर गेला तो यांचा होता. आज खाली आहे तो माझा आहे. माझी बहीण त्या बाजारात बसायची. आता तिची लेक बसते. दोघींपैकी एकीनेही तिथे पाणी प्यायलेलं मी पाहिलं नाही. त्या जागेचा शब्द आपण दिला होता. तो मी मोडणार नाही.”

कुणीतरी म्हणालं, पक्षातून काढतील. ती म्हणाली, “काढा. मत बाजाराने दिलंय.”

टेबलाच्या टोकाला दूधवाल्याची सून बसली होती, त्याच पक्षाची. आजवर सभेत तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता.  तिने एकदा मागच्या रांगेकडे आणि एकदा शिवणताईकडे बघितलं. मग तिचा वर गेलेला हात खाली आला. अध्यक्षांनी दोनदा मोजलं. ठराव पडला.

भाऊंना आता खराखुरा ठसका लागला होता. चेहरा लालबुंद, डोळ्यांत पाणी. शिवणताईने जगमधलं पाणी पेल्यात ओतलं, खुर्च्यांच्या रांगेपाशी गेली आणि पेला त्यांच्यापुढे धरला.

“प्या,” ती म्हणाली. “तुमची इथे सोय आहे.”

मागच्या रांगेत त्यानंतर कुणी खोकलं नाही.