मेथीच्या पाण्यावरची निळाई

मार्गशीर्षातली कलती दुपार. अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वाळत्या गवताची पिंगट लाट, आणि त्या लाटेवर ऊन. धुऊन पिळलेल्या मलमलीसारखे मऊ, किंचित ओलसर, किंचित उदास. साताऱ्याच्या कौलांवरून, गच्च्यांवरून, दोरीवरच्या दुपट्यांवरून ते सावकाश उतरत आले आणि शाल्मलीच्या मागच्या गॅलरीत, परातीतल्या पाण्यावर, थबकले.

पाणी मेथीचे होते. रात्रभर भिजलेल्या दाण्यांनी आपला मधुवर्ण, चिकट रस त्यात उतरवला होता. फडक्यातून गाळलेले ते जड, निश्चल, मंदगंधी पाणी. वाऱ्याने शिवले तरी न शहारणारे.

परातीच्या एका काठाशी शाल्मली, सातव्या महिन्याचे ओझे सावरत चौरंगावर टेकलेली. दुसऱ्या काठाशी कुहू, तिची पाच वर्षांची लेक, बाह्या दुमडून, श्वास रोखून. आणि दारात कुहूची भरलेली बॅग.

चारच्या लातूरच्या गाडीने कुहू आत्याबरोबर जाणार होती. बाळ होईपर्यंत, बाळ जरा बाळसे धरेपर्यंत. डॉक्टरांनी शाल्मलीला विश्रांती सांगितली होती, सुहासला, तिच्या नवऱ्याला, कारखान्यातल्या पाळ्या काही चुकत नव्हत्या, आणि हेमावन्सं, सुहासची मोठी बहीण, आपणहून भाचीला न्यायला आल्या होत्या. सगळे ठरले होते. सगळे शहाणपणाचे होते. तरी सकाळपासून शाल्मलीच्या उरात काहीतरी परातीतल्या पाण्यासारखे जड, न हलणारे साचून राहिले होते.

"बाळंतिणीच्या लाडवांसाठी एवढी निवडून मेथी आणली मी," हेमावन्सं दारातून म्हणाल्या, "आणि तू ती कागदाला पाजतेस?"

"उरलीय हो वन्सं अर्धी."

"मग ठीक. आधी कागदाचं बाळंतपण होऊ दे, नंतर तुझं बघू."

कुहू खुदकन हसली. काय कळले तिला, तीच जाणे.

एके काळी, कॉलेजच्या दिवसांत, वसतिगृहाच्या गच्चीवर शाल्मली असेच पाण्यावर रंग तरंगवून, त्यावर कागद टेकवून तो रंगवी. तेव्हा तैलरंग असत, टर्पेंटाइनचा तो झणझणीत, डोक्यात चढणारा दरवळ असे, कोपरापर्यंत रंगलेले हात असत. रंग कुठे जाईल, कुणाच्या तोंडात जाईल, ही धास्ती नसे. कसे बेफिकीर, कसे वाऱ्यावरचे दिवस! आता दुकानात उभी राहून तिने ॲक्रिलिकच्या बाटलीवरचे बारीक अक्षर डोळ्यांजवळ नेऊन वाचले होते, आणि तरीही पुन्हा विचारले होते, "विषारी नाही ना?" दुकानदार हसला होता. "अहो ताई, बालवाडीतली पोरं वापरतात."

घरी आणून तिने एकेक रंग वाटीतल्या मेथीपाण्यावर पारखला. ट्यूबमधला घट्ट तांबडा थेंब पडला तो खड्यासारखा तळाशी गेला. पांढरा पडला आणि असा मातला, असा पसरला, की वाटी गिळून बसला. बाटलीतली नीळ मात्र, दुधाइतकी पातळ केल्यावर, हलकेच तरंगली. आभाळाने डोळा उघडावा तशी. पिवळ्यात रिठ्याच्या पाण्याचा एक थेंब घालावा लागला, तेव्हा तोही उमलला. निळा आणि पिवळा. बस्स. आज हे दोघेच.

कुहूने काडीच्या टोकावर नीळ घेतली.

"ही मी," ती म्हणाली, आणि थेंब सोडला.

थेंब उघडला. उघडतच गेला. परातीच्या मध्यावर एक नीलवर्तुळ, एक नीलसरोवर, एक नि:शंक, नि:सीम निळाई. कुहूने टाळ्या पिटल्या. सगळे पाणी तिचे होते.

"आणि हे बाळ."

पिवळा थेंब निळाईच्या ऐन काळजात पडला. पसरला. हळूहळू, हसत हसत, कुणालाही न दुखावता पसरला. आणि निळाई मागे सरली. दुसरा थेंब, तिसरा, चौथा. कुहू टाकत गेली आणि निळे आक्रसत गेले, काठाकडे, कोपऱ्याकडे, फटींकडे. जिथे जागा मिळेल तिथे.

कुहूचा हात थांबला.

"आई, मी कुठे गेले?"

ऊन जागचे हलले नाही. पण शाल्मलीच्या आत एक जुने दार हलले.

तीही अशीच गेली होती. धाकटा भाऊ व्हायचा होता तेव्हा, अकलूजला, मामाकडे. मामा प्रेमळ, मामी प्रेमळ, उसाच्या फडावरून येणारा गोड, ओला वारा प्रेमळ. कुणी म्हणजे कुणी तिला दुखावले नव्हते. फक्त परत आली तेव्हा घराचे दार नुसते लोटलेले असूनही तिने कडी वाजवली होती. "अगं, आपल्याच घराची कडी वाजवतेस?" आई हसली होती, सगळे हसले होते. तीही हसली होती. आणि त्यानंतर आईच्या खोलीत ती नेहमी विचारून गेली. नेहमी. आई गेली त्या वर्षापर्यंत.

"सांग ना, कुठे गेले?"

शाल्मलीने रंग पक्का बसावा म्हणून तुरटीच्या पाण्यातून काढून वाळवलेला कागद दोन कोपऱ्यांनी उचलला, मध्यभाग आधी टेकवला, मग कडा सोडल्या. कागद पाण्यावर निजला. तिने तो अलगद ओढून घेतला, तांब्यातल्या पाण्याने चिकटपणा धुतला, आणि उन्हापुढे धरला.

सोनेरी, गोल, गुबगुबीत खडे खडे. आणि प्रत्येक खड्याभोवती निळी रेघ. इथून तिथे, तिथून इथे, न तुटलेली, नदीसारखी, शिरेसारखी, कुशीसारखी. निळ्याला हात न लावता कुठल्याच पिवळ्यापाशी पोचता येत नव्हते.

कुहूने ओल्या कागदावर बोट ठेवले आणि त्या रेघेवरून चालवत नेले, या काठापासून त्या काठापर्यंत, जीभ किंचित बाहेर काढून.

"बाळाला मीच धरलंय," ती म्हणाली. आणि जरा रागाने, "लठ्ठ आहे."

हेमावन्संनी घड्याळाकडे पाहिले. "चला, हात धुवा. गाडी नाही थांबायची."

"वन्सं," शाल्मली म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. "ती नाही येणार."

"आणि तुझी विश्रांती?"

"पडून राहीन. ती शेजारी बसेल. थोडं अवघड जाईल."

"थोडं? डॉक्टरांचं ऐकलंस ना तू? आणि सुहासला काय सांगू?"

"मी सांगते."

हेमावन्संचा मुलगा दूर शिकायला गेल्यापासून लातूरच्या त्या घरात बोलायला भिंतीच होत्या. निघण्यापूर्वी त्यांनी धाकटी गादी उन्हात घातली होती, सशांच्या चित्रांची चादर आणली होती. आता त्यांनी कुहूच्या गालावरचा निळा शिंतोडा पदराने पुसला, तो पुसला गेला नाही. "राहू दे," म्हणाल्या, "शोभतोय. पण पोटात जरा दुखलं, तरी मला फोन करायचा. ऐकतेस ना?"

शाल्मलीने मान हलवली. डोळे भरून आले होते; तिने ते कागदाआड लपवले.

स्टँडवर गर्दी होती. हेमावन्संनी नेहमीच्या सवयीने खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली आणि आत गेल्यावर पाहिले, तर जागा धरली होती ती खिडकीजवळची, कुहूला बाहेरचे दिसावे म्हणून धरावी तशी. त्या शेजारी बसल्या. रुमाल उचलला नाही.

गाडी हलली. गाव मागे पडले, गड मागे पडला, उसाचे तुरे रुपेरी रुपेरी होत मागे पडले. आणि त्या रिकाम्या जागेवर, त्या चौघडी रुमालावर, कलते ऊन येऊन बसले; इवलेसे, सोनसळी, गप्प गप्प, पाय खाली न पोचणारे ऊन.