रेषासदृश खूण

भिंगवाल्या बाईंबद्दल घरी आणि कारखान्यात एकच तक्रार होती, की या बाईला धडधाकट वस्तू बघवत नाही. घरी ती सासूबाई करायच्या, कारखान्यात मोठे साहेब. त्या दोघांची कधी गाठ पडली नाही. पडली असती तर चांगलं जमलं असतं.

गोष्ट टाइपरायटरच्या दिवसांतली आहे. तेव्हा अहवालाच्या पाच प्रती काढायच्या म्हणजे चार कार्बन घालून बोटं मोडेपर्यंत बडवायचं, आणि तरी पाचवी प्रत वाचायला भिंगच लागायचं. बाईंना भिंगवाली हे नाव मात्र पाचव्या प्रतीवरून पडलेलं नव्हतं. कारखान्यात विमानाची इंजिनं बनत, आणि इंजिनाच्या चकत्यांवर भेग आहे की नाही हे बघणं हेच त्यांचं काम होतं. बावीस वर्षं गळ्यात काळ्या दोरीने भिंग लटकत असे. बाजारात भाजी घेतानाही ते काढायचं राहून जाई, आणि भाजीवाला आपणहून किडकी वांगी बाजूला काढी.

इंजिनाच्या पोटात मोठ्या ताटाएवढी जाड चकती असते. तिच्या कडेला पाती बसवलेली असतात आणि मिनिटाला हजारो वेळा ती गरगरते. ती फुटलीच तर तिचे तुकडे अडवून धरेल असं आवरण अजून कुणाला जमलेलं नाही, म्हणून तिला फुटूच द्यायचं नाही, असा साधा विचार. माणसासारखी ती वर्षांनी म्हातारी होत नाही. विमान उडालं की तिच्यावर ताण चढतो, उतरलं की उतरतो. ही झाली एक फेरी. अशा किती फेऱ्या तिला सोसतील ते आधी ठरवायचं, आणि तेवढ्या झाल्या की तिला निरोप द्यायचा.

ठरवायची रीत अशी. कारखान्याच्या मागे जमिनीत जाड भिंतींचा एक खड्डा होता, त्याला सगळे विहीर म्हणत. नमुन्याच्या चकत्या त्यात टांगून पूर्ण वेगाने फिरवायच्या, थांबवायच्या, पुन्हा फिरवायच्या. दर हजार फेऱ्यांनी चकती वर काढून बाईंपुढे ठेवायची. ज्या आकड्याला पहिली भेग दिसेल, त्याचा तिसरा हिस्सा म्हणजे मुदत. मुदत भरली की चकती भंगारात, मग ती आरशासारखी चमकत का असेना. भंगारात गेलेल्या हजारांतल्या नऊशे नव्याण्णव चकत्या निर्दोष असतात, हे बाईंनाही ठाऊक होतं. उरलेली ती एक कोणती, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं, एवढीच काय ती अडचण.

त्या वर्षी नव्या इंजिनाची मुदत ठरायची होती. ठरायची होती म्हणजे आपलं म्हणायचं. गिऱ्हाइकांना द्यायचं माहितीपुस्तक आधीच गुळगुळीत कागदावर छापून आलं होतं आणि त्यात मुदत पंधरा हजार फेऱ्या अशी ठळक अक्षरांत होती. आता फक्त चकत्यांनी पंचेचाळीस हजार फेऱ्या बिनतक्रार सोसायच्या राहिल्या होत्या. चकत्यांना कुणी पुस्तक वाचून दाखवलं नव्हतं.

तिसरी चकती सत्तावीस हजारांना वर आली. बाईंनी ती अंधाऱ्या खोलीत नेली, तिच्यावर तपासणीचा रंग चढवला, पुसला, वर पांढरी भुकटी उडवली आणि जांभळा दिवा लावला. मधल्या भोकाच्या काठाला हिरवी रेघ उजळली, पाऊण मिलिमीटर. बाईंनी ती पुसली आणि पुन्हा भुकटी उडवली. रेघ परत आली. तिसऱ्यांदा पुसली, तिसऱ्यांदा आली. ओरखडा एकदा पुसला की गप्प बसतो. भेग पोटात रंग धरून बसते आणि पुन्हा पुन्हा पाझरते. बाईंनी दिवा मालवला, बाहेर येऊन डोळे चोळले आणि तपासणीच्या कागदावर लिहिलं, ‘भेग.’

सत्तावीस हजारांचा तिसरा हिस्सा नऊ हजार. हा हिशेब मोठ्या साहेबांच्या खोलीपर्यंत पोचायला दहा मिनिटं लागली आणि साहेबांना खाली यायला पाच. सोबत होयबा होता. हा त्यांचा सहायक. याचं खरं नाव हजेरीपटावर असेलच कुठेतरी. साहेबांनी चकती बघितली आणि म्हणाले, की हा ओरखडा आहे, उचलताना साखळी लागली असेल. होयबा म्हणाला, स्पष्टच दिसतोय ओरखडा. तोवर त्याने चष्मा डोळ्यांवर चढवलाही नव्हता. बाईंनी शांतपणे सांगितलं, की ओरखडा तीनदा पाझरत नाही. साहेबांनी विचारलं, हे कुणी ठरवलं. बाईंनी तपासणीची नियमावली उघडून साहेबांचीच सही दाखवली.

अशा वेळी शहाणी माणसं जे करतात तेच साहेबांनी केलं. समिती नेमली.

मुदतीच्या नियमात ‘भेग’ एवढाच शब्द होता. तेव्हा चकतीवर जे काही आहे ते भेग नसेल तर काय आहे, हे समितीने ठरवायचं होतं. चार बैठका झाल्या. चकतीकडे एकीतही कुणी बघितलं नाही, कारण विषय शब्दाचा होता. चरा म्हणावं तर फार खोल वाटतो, चीर फारच उघडी वाटते, तडा म्हटलं की ऐकणारा दचकतो. रंगकाम विभागाच्या प्रमुखांनी सुरकुती सुचवली, ती वयामुळे नाकारली गेली. ओरखडा साहेबांचा लाडका होता, पण ओरखडा म्हटलं की कुणाच्या हातून झाला ते लिहावं लागतं, आणि साखळी ओढणारे चौघंही भांडायला तयार बसले होते. चौथ्या बैठकीत चहा गार होता होता साहेबांनाच सुचलं, ‘रेषासदृश खूण.’ ते स्वतःवर इतके खूश झाले की दोनदा म्हणून दाखवलं. म्हणाले, यात कसं, सगळं आलं आणि काहीच आलं नाही.

या बैठका चालू असताना विहिरीत चकतीही चालू होती. अठ्ठावीस हजारांना रेघ एक मिलिमीटरच्या पुढे गेली, एकोणतीस हजारांना दीडला पोचली. बाईंनी लांबीचे आकडे समितीपुढे ठेवले. साहेब म्हणाले, की रेषासदृश खूण वाढली तर फार तर लांब रेषासदृश खूण होईल, तिची भेग कशी होईल. समितीने मान डोलावली. होयबाची आधीपासूनच डोलत होती.

मग साहेबांनी बाईंना खोलीत बोलावून बसायला खुर्ची दिली. बाईंनी तिथेच ओळखलं.

“बाई, शुक्रवारी अहवाल परवाना खात्याकडे जायचा आहे. भेग आढळली नाही, एक रेषासदृश खूण आढळली, असं लिहा आणि सही करा. तुम्हाला जड जात असेल तर हे करतील, प्रभारी तपासनीस म्हणून. तुम्ही मग नट-बोल्टच्या कोठीत जा. तिथे भिंगाची दगदग नाही.”

होयबा म्हणाला, की कोठीत हवा छान येते.

कोठीत जायला बाईंची ना नव्हती. बोल्ट मोजत उरलेली नोकरी काढली असती. पण त्या कोठीत गेल्या काय आणि अंधाऱ्या खोलीत राहिल्या काय, त्यांच्या नाहीतर होयबाच्या सहीने तसल्याच चकत्या पंधरा हजार फेऱ्या आकाशात जाणार होत्या. नऊ हजारांपुढच्या त्या सहा हजार फेऱ्या बाईंच्या डोळ्यांसमोरून हलेनात. प्रत्येक फेरीत शे-दीडशे माणसं, खिडकीशी बसायला भांडणारी, पट्टा घट्ट झाला म्हणून कुरकुरणारी. यातलं कुणीही समितीत नव्हतं.

घरी संध्याकाळी वेगळीच समिती बसलेली असे. सासूबाईंच्या माहेरून आलेली चिनीमातीची मोठी बरणी होती, मिठाची. पन्नास वर्षं ती ओट्याच्या कोपऱ्यात बसून होती आणि घरात तिचा मान नवऱ्यापेक्षा थोडा जास्त होता. पंधरा दिवसांपूर्वी तिच्या पोटावर बाहेरून एक पांढरी रेघ दिसली. बाईंनी बोटाचं पेर वाजवून बघितलं तर आवाज बद्द आला. त्यांनी सांगितलं, आई, बरणीला भेग गेलीय, एक दिवस भरल्या मिठासकट हातात फुटेल. सासूबाई म्हणाल्या, की वरच्या चकाकीला ओरखडा गेलाय, आणि तुला काय, कारखान्यात चांगल्या वस्तू मोडीत काढायची सवय लागलीय. तेव्हापासून त्या रोज सकाळी फडक्याने ती रेघ पुसत. रोज संध्याकाळी मिठाची पांढरी रेघ पुन्हा उमटे. घरात सगळ्यांना ती दिसे.

बुधवारी बाई मटार सोलायला बसल्या आणि न राहवून सगळं सांगून मोकळ्या झाल्या. नवरा वर्तमानपत्राआडून म्हणाला, की एका शब्दावरून काय एवढं अडून बसायचं, त्यांना हवं ते लिहून टाक. सासूबाई बरणी पुसत होत्या. सुनेच्या साहेबांचा त्यांना खरं म्हणजे थोडा आदर होता, पण समितीचं ऐकून त्यांचाही संयम सुटला.

“अगं, ठेवू दे ना नाव त्यांना काय ठेवायचं ते. मी हिला ओरखडा म्हणते म्हणून मीठ आत थांबतंय होय?”

बोलून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं आपण काय बोललो ते. हातातलं फडकं बरणीवरच थांबलं. बाईंच्या हातातली शेंगही अर्धी सोलून थांबली. दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि लगेच आपापल्या कामाला लागल्या. सकाळी बाई ओट्यापाशी गेल्या तर मीठ स्टीलच्या डब्यात होतं. बरणी रिकामी, धुऊन पालथी घातलेली.

गुरुवारी बाई कारखान्यात गेल्या त्या थेट कागदपत्र विभागात, दप्तरकाकांकडे. काका म्हणजे एका अनुस्वारासाठी सबंध अहवाल परत पाठवणारा माणूस. साहेबसुद्धा त्यांना वचकून असत, कारण काकांपुढे होयबाचा उपयोग होत नसे. बाईंनी विचारलं, काका, अहवालात नवा शब्द वापरला तर काय करायचं. काकांचा चेहरा उजळला. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि नियम म्हणून दाखवला: नियमावलीत नसलेला शब्द अहवालात आला, तर त्याची व्याख्या शेवटच्या पानांवरच्या शब्दसूचीत दिलीच पाहिजे, आणि ती ज्या विभागाने शब्द वापरला त्यानेच लिहिली पाहिजे. त्याशिवाय अहवाल या टेबलावरून हलणार नाही. मग त्यांनी हळूच विचारलं, का, कुणी नवा शब्द काढला का?

“साहेबांनी,” बाई म्हणाल्या. “फार सुरेख आहे.”

शुक्रवारी अहवाल तयार झाला. पहिल्या पानावर साहेबांना हवं ते सगळं होतं. भेग आढळली नाही, एक रेषासदृश खूण आढळली, वगैरे. खाली बाईंची सही, ठसठशीत. होयबाने अहवाल तपासला, म्हणजे साहेबांच्या नावातला ऱ्हस्व-दीर्घ बरोबर आहे ना एवढं बघितलं, आणि जिथे जिथे साहेबांची सही हवी तिथे चिठ्ठ्या लावून दिल्या. एक चिठ्ठी एकशे बाराव्या पानावरच्या शब्दसूचीलाही होती. साहेबांनी सही केली. शब्दसूची वाचायची पद्धत तेव्हा नव्हती, आजही नसावी.

एकशे बाराव्या पानावर लिहिलं होतं: ‘रेषासदृश खूण: चकतीच्या धातूत पडलेली अशी चीर, जी पुसली तरी पुन्हा पाझरते आणि फेरीगणिक लांब होत जाते. या चकतीवर ती प्रथम सत्तावीस हजार फेऱ्यांना आढळली. मुदत ठरवताना हिला भेगच समजावे.’

परवाना खात्यात एक म्हातारे अधिकारी होते. ते अहवाल शेवटच्या पानाकडून वाचत. त्यांचं म्हणणं असं, की पुढची पानं लोक वरच्यांसाठी लिहितात, मागच्या पानांवर कंटाळून खरं लिहून जातात. तीन आठवड्यांनी त्यांचं पत्र आलं. पृष्ठ एकशे बारावरील, आपल्या स्वाक्षरीच्या व्याख्येनुसार मुदत नऊ हजार फेऱ्या मंजूर करण्यात येत आहे. व्याख्येतील सुस्पष्टतेबद्दल खाते आपले अभिनंदन करते.

साहेबांनी बाईंना बोलावलं. या वेळी खुर्ची दिली नाही. एकशे बारावं पान टेबलावर आपटून विचारलं, हे कुणी लिहिलं.

“नियमाप्रमाणे विभागाने लिहिलं, साहेब. सही आपली आहे.”

“सही साहेबांचीच आहे,” होयबा म्हणाला. सवयच ती.

साहेबांना बाईंना कोठीत पाठवता आलं नाही. ज्या अहवालाबद्दल खात्याने अभिनंदन केलं, तो लिहिणारीला बोल्ट मोजायला कसं बसवायचं. उलट वार्षिक सभेत त्यांना त्या व्याख्येवर चार शब्द बोलावे लागले, आणि ते बरे बोलले म्हणतात. माहितीपुस्तकातल्या पंधरावर नऊच्या चिकटपट्ट्या लावायला तिघं जण आठवडाभर बसले होते.

पुढे वर्षानुवर्षं नऊ हजार भरलेल्या चकत्या परत येत राहिल्या, भंगाराच्या गाड्यावर रचल्या जात राहिल्या, नव्या भांड्यांसारख्या लखलखीत. साहेब निवृत्त होईपर्यंत त्या गाड्यापाशी येऊन उभे राहत. एखादी चकती हातात घेत, उजेडाकडे धरत आणि बाईंना ऐकू जाईल अशा आवाजात होयबाला म्हणत, बघा, काही झालंय का हिला, उगाच फेकल्या. होयबा म्हणे, उगाचच. बाई भिंग पुसत म्हणत, हो ना साहेब, काहीच झालं नाही.

घरी सासूबाईंनी त्या बरणीत बटणं भरून ठेवली होती. अधूनमधून त्याही तिच्यावर टिचकी मारून म्हणायच्या, बघ, अजून फुटली नाही ती, उगाच काढायला लावलीस. बाई त्यांनाही तेच म्हणायच्या.