माथ्यावरचा नळ

टेलरने कापड बेतायच्या टेबलावर नकाशा पसरला, एका कोपऱ्यावर इस्त्री आणि दुसऱ्यावर मोठी कात्री ठेवली, आणि पांढरा दोरा रस्त्याच्या वळणांवरून बसवायला घेतला. सपाटीवर दोरा शहाण्यासारखा पडत होता. घाट आला की हट्टाला पेटत होता, आणि मग प्रत्येक वळणावर टाचणी टोचावी लागत होती. पहिलं तळं, छोटा घाट, दुसरं तळं, मोठा घाट, आणि डोंगराच्या पाठीमागून घरी.

"किती भरतंय?" दाजींनी विचारलं.

दोरा घरी पोचला तिथे टेलरने निळ्या खडूची खूण केली, उरलेलं टोक टेपने मोजून वजा केलं आणि हिशेब केला. "एकशे बारा किलोमीटर. मागच्या वर्षीएवढंच."

"डोंगर वाढला असेल, नीट मोज. मला तरी तो आता उंच वाटतो."

दाजी स्वतःच्याच विनोदावर हसले. टेलरला काही हसू आलं नाही. दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा, आणि सायकलवरचा गेल्या पंधरा वर्षांचा जोडीदार. आत्ता ते स्टुलावर उजवा पाय लांब करून बसले होते. त्या गुडघ्याला बाहेरून स्टीलची पट्टी बांधलेली होती. पट्टीवर पँट सैल बसावी म्हणून तो पाय टेलरनेच रुंद शिवला होता, आणि शिवताना दोनदा सुई बोटात घुसवून घेतली होती.

दोघांचा एक नियम होता. फेरी ज्याने आखायची, त्याने आधी एकट्याने जाऊन यायचं, आणि जे डोळ्यांनी पाहिलं तेवढ्यावरच लाल खूण करायची. मागच्या वर्षी पाळी टेलरची होती. तो दुसऱ्या तळ्यापर्यंत गेला. पाण्यावरून छान वारा येत होता. डबा खाल्ला, झाडाखाली जरा आडवा झाला, आणि जाग आली तेव्हा चार वाजले होते. समोर मोठा घाट आ वासून उभा. त्याने मुकाट्याने हँडल घराकडे वळवलं. रात्र पडायच्या आत घरी पोचून नकाशा उघडला, तर माथ्यावर झऱ्याचा निळा ठिपका दिसला. झरा आहे म्हणजे कुणीतरी नळ बसवलाच असणार, असं त्याने स्वतःला पटवलं आणि लाल पेन्सिलीने लिहिलं: "माथ्यावर नळ. खालून ओझं नेऊ नये." अक्षरही त्या दिवशी नेमकं सुरेख आलं होतं.

ऐन फेरीच्या दिवशी शाळेचे गणवेश द्यायचे होते, म्हणून टेलर दुकानातच राहिला. दाजी एकटे गेले. लिहिल्याबरहुकूम अर्धी बाटली घेऊन घाट चढले, आणि पलीकडच्या उतारावर पडले. दुधाची गाडी येईपर्यंत दोन तास तिथेच पडून होते. "वळणावर वाळू होती," असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी टेलर सायकल आणायला गेला तेव्हा अख्खा माथा पालथा घातला. नळ नव्हता. परत आला आणि वर्षभर मूग गिळून बसला.

ताई तर उलट त्यालाच समजावत राहिली. "तू तरी काय करणार? तू सगळं पाहूनच आला होतास." त्यापेक्षा तिने दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आणखी एक काम आहे," दाजी म्हणाले. "हँडलला लटकेल अशी पिशवी शिवून दे. तीन बाटल्या मावतील अशी."

टेलरचा हात टाचणीवरच थांबला.

"तीन?"

"तीन."

तेवढ्यात ताई आतल्या घरातून चहा घेऊन आली. कप टेबलाच्या कडेला ठेवून ती नकाशावर वाकली. नकाशा तोच होता, खुणाही त्याच.

"अहो, इथे नळ लिहिलाय की. मग त्या गुडघ्यावर तीन बाटल्यांचा भार कशाला?" ती भावाकडे वळली. "तू बघितलायस ना रे?"

"असू दे," दाजी घाईने म्हणाले. "नळाचा काय भरवसा? आज आहे, उद्या नाही." त्यांनी कप उचलला आणि चहात बघत राहिले. टेलरकडे त्यांनी पाहिलं नाही.

दाजींच्या लक्षात आलंय का, या एका प्रश्नाने वर्षभर टेलरला झोप लागू दिली नव्हती. आता विचारायची गरजच उरली नाही.

"ताई, तिथे नळ नाही," तो म्हणाला. "कधीच नव्हता. मी माथ्यावर गेलोच नव्हतो. दुसऱ्या तळ्यावरून परत फिरलो."

ताई नवऱ्याकडे वळली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"वर पोचलो तेव्हा कळलं."

"आणि मला वाळू सांगितलीत."

"वाळूही होती," दाजी म्हणाले. "थोडी. पाण्यावाचून मला गरगरत होतं, ते सांगितलं नाही. तुझा भाऊ आहे तो."

चहावर साय धरली. टेलरला लाज वाटत होती, आणि छातीवरचं ओझं उतरल्याचं जाणवत होतं त्याचीही लाज वाटत होती.

ताईने आवाज चढवला नाही. तिने नकाशावर बोट ठेवलं. "दुसरं तळं म्हणजे हे?"

"हो."

त्याच्या पुढची एकेक टाचणी ती उपटू लागली. मोठ्या घाटातला दोरा सुटून सैल झाला. सगळ्या टाचण्या तिने डबीत टाकल्या आणि डबी भावापुढे सरकवली.

"इथपर्यंत गेला होतास, इथपर्यंतच राहू दे. पुढचं बघून आल्यावर लाव."

टेलरने मान हलवली. गळ्यातला टेप काढून तो मागच्या अंगणात स्वतःच्या सायकलकडे निघाला. तिचे दोन्ही टायर बसले होते, सीटवर बोटभर धूळ होती. त्याने हँडलची रुंदी मोजायला घेतली.

"तुझीही तीन बाटल्यांचीच शिव," आतून दाजींचा आवाज आला. "तो झराही आटलाय. मी शोधलाय."