शिवेवरचा वाघोबा आणि खाचरातला खेकडा

मी वाघोबा बोलतोय. घाबरू नका, मी दगडाचा आहे. आहुप्याच्या शिवेवर, देवराईच्या कडेला माझं ठाणं आहे. माझ्या अंगावर वाघ कोरलेला आहे आणि त्याच्या डोक्यावर चंद्र-सूर्य.

ज्या पाथरवटानं मला घडवलं, त्यानं वाघ कधी पाहिलाच नव्हता. त्यानं घरचं मांजर समोर बसवलं आणि छिन्नी चालवली. म्हणून माझ्या मिशा जरा जास्तच लांब आहेत. गावानं मात्र कधी माझं हसं केलं नाही. शेंदूर लावला, नारळ फोडला आणि गुरांची राखण माझ्यावर सोपवली.

दर वर्षी दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीला, गुराखी माझ्यापुढं तांदळाची खीर शिजवतात. एक जण वाघ होतो, एक अस्वल, एक कोल्हा. बाकीचे त्यांना पळवतात आणि ओरडून विचारतात, "पुन्हा येशील का आमच्या शिवारात?" वाघ झालेला धापा टाकत म्हणतो, "न्हाई येणार!" मग खीर खायला सगळ्यांत आधी तोच येतो.

खीर उकळेपर्यंत भागूआजोबा टोपी काढून माझी गोष्ट सांगतात. त्यांच्या पणजोबांची गाय हरवली होती. तिसऱ्या दिवशी ती देवराईतल्या मोठ्या हिरड्यामागं, कपारीत सापडली. पोटाशी नवं वासरू होतं आणि कपारीच्या तोंडाशी वाघ राखण करत बसला होता. पणजोबांना पाहून तो उठून निघून गेला. म्हणून मला इथं बसवलं. ही गोष्ट ऐकताना मला फार मोठं वाटायचं. माझ्याबद्दल दुसरीही काही गोष्ट असेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. कारण वाघाची फजिती होते अशी गोष्ट माझ्यासमोर सांगायची नाही, ही गावाची रीत.

१९९९ सालच्या वाघबारशीला शाळेतल्या नव्या शीलाबाई आल्या. घोडेगावच्या कापडवाल्या शांतीलालशेठची ही मुलगी. आमच्याकडची रीत त्यांना माहीत नव्हती. खीर खाऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "रुपाली, तुला वाघाची गोष्ट येते ना? सांग बघू."

रुपाली म्हणजे कोंडाबाईंची नात. सातवीतली. वर्गात हजेरी देतानाही तिचा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोचत नसे. पण बाईंनी सांगितलं म्हणून ती उभी राहिली आणि पायाकडं बघत सांगू लागली.

"एक वाघ होता. तो म्हणायचा, सगळी खाचरं माझी. खेकडा म्हणाला, जो उलटा चालत एक ओळ भात लावील, त्याचं खाचर. वाघानं दात काढले. रोपं घेतली, एक पाऊल मागं टाकलं, दुसरं टाकलं, तिसरं पडलं स्वतःच्याच शेपटीवर. धप्पकन वाघ चिखलात! खेकडा मात्र..."

पोरं खो खो हसली. काय सांगू, मलाही हसू आलं. इतकी वर्षं नुसते नमस्कार झेललेल्याला कुणीतरी चिखलात पाडलं, तेव्हा कसं हलकं वाटतं!

पण म्हाताऱ्या माणसांनी कानांना हात लावले.

"पोरी," भागूआजोबा म्हणाले, "कुणाम्होरं काय बोलतीस?"

"आजोबा, चूक माझी आहे," बाई घाईनं म्हणाल्या. "पण ती बोधकथा आहे हो. त्यातला वाघ बोलतो, खेकडा बोलतो. ते खाचर कुठलं, असं कुणी विचारत नाही. बढाई मारू नये, एवढंच ती शिकवते. तुमची ती आख्यायिका. तिला गाव असतं, माणसाचं नाव असतं, दाखवायला जागा असते."

"तुमच्या बुकात दोन कप्पं असतील, बाई. हितं दगूड एकच हाय."

तेवढ्यात गुरं परतली आणि भागूआजोबांची पवळी गाय त्यांत नव्हती. पवळीचे दिवस भरले होते. दिवस मावळायला हातभर उरला होता. सगळे रुपालीकडं बघायला लागले. ते बघणं शिव्यांपेक्षा वाईट होतं.

"गाय चुकली ती गुराखी खिरीत बुडालं म्हनून," कोंडाबाई फणकारल्या. "माझ्या नातीच्या तोंडानं न्हाई चुकली." असं म्हणाल्या खऱ्या, पण जाता जाता माझ्या पायाशी वाकल्याच.

सगळे पाण्याकडं आणि माळाकडं पांगले. रुपाली माझ्यापुढं उभी राहिली, बाई तिच्या शेजारी. डोळे भरलेले. गाय मिळाली नसती, तर ही मुलगी पुन्हा कधी बोलली नसती, हे मला दगडालाही कळत होतं. मी तिला काय सांगणार? पण ती एकदम म्हणाली, "बाई, आख्यायिकेला जागा असते म्हणालात ना? मग ती कपार खरीच असेल. वारा लागत नसेल तिथं. म्हणून गाय गेली असेल तेव्हाची. आत्ताचीही जाईल!"

आणि बाईंचा हात धरून ती देवराईत पळाली.

पुढचं मी पाहिलं नाही. थोड्या वेळानं घंटा ऐकू आली. पुढं पवळी, मागं बाई आणि रुपाली, दोघींच्या मध्ये उचलून धरलेलं ओलं वासरू. भागूआजोबा माळावरून धावत आले. शंभरदा गोष्ट सांगूनही त्यांना कपारीत डोकावायचं सुचलं नव्हतं.

"वाघोबानं राखली!" ते म्हणाले.

"रुपालीनं शोधली, आजोबा," बाई म्हणाल्या.

"आन् तिला धाडली कुनी?"

सगळे हसले. वासरू खाली ठेवलं, तर ते लटपटत उभं राहिलं आणि चक्क मागं मागं चालायला लागलं. कालवड होती ती; तिचं नाव तिथंच पडलं, खेकडी.

भागूआजोबा माझ्याजवळ मांडी घालून बसले. "पोरी, त्या खेकड्याचं म्होरं काय झालं?"

"इथंच सांगू?"

"हितंच. मी हुंकारा देतो. बिगरहुंकाऱ्याची गोष्ट रानात चुकती."

रुपालीनं गोष्ट पुरी केली: खेकडा मागं मागं सरकत ओळ लावून मोकळा झाला आणि खाचर त्याचं झालं. प्रत्येक वाक्याला आजोबा "हं" म्हणत होते, आणि शेवटाला ते इतके हसले की टोपी खिरीच्या पातेल्यात पडली.

आता सात-आठ वर्षं झाली. माझ्यावर पत्र्याचं छप्पर आलंय. खेकडीला दोन वासरं झालीत. त्या दिवसाची गोष्टही वाढलीय. परवा एक मुलगा सांगत होता, रुपाली म्हणे वाघाच्या पाठीवर बसून कपारीत गेली. मी इथून तसूभरही हललो नव्हतो, पण मी बोललो नाही. वाढत्या गोष्टीला कशाला टोकायचं?

एकच मागणं आहे. माझ्यापुढं हात जोडा, आणि मग खुशाल मला चिखलात पाडा. दोन्ही गोष्टी माझ्याच आहेत. फक्त सांगणारी मुलगी लाजत असेल, तर जवळ बसा आणि "हं" म्हणा.